जुन्या वाद्याचा नवा कंठ

पावसाळा संपत आला, बारवी धरण भरलें, कीं आमच्या बदलापुराकडील घराघरांतून एक उद्योग सुरू होतो. पेट्या उघडावयाच्या, कपडे व पुस्तकें उन्हांत घालावयाचीं आणि ओलीनें काय काय खाल्लें ह्याचा हिशेब करावयाचा. गेल्या वर्षीं ह्या हिशेबांत माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंची हवाईयन गिटार निघाली. मांडीवर आडवी ठेवून, ध्वनिवर्धकास जोडून वाजवावयाची ही विजेची गिटार दादांनीं तरुणपणीं मुंबईंत जुनीच विकत घेतली होती, आणि आळीच्या गणेशोत्सवांत ती वीसपंचवीस वर्षें वाजविली होती. आम्हीं तारा चढविल्या, ध्वनिवर्धक जोडला. पण आवाज नाहीं. तारांचा कंप टिपणारा तिचा ‘पिकअप’ निकामी झाला होता. दादांचा नातू म्हणाला, “आजोबा, नवा पिकअप बसवून टाकूं!” गोष्ट चार शब्दांची, पण कोणता बसवावयाचा ह्याचें उत्तर शोधतांना मला शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तोच आज आपणांपुढें मांडतों.

हें वादन मूळचें प्रशांत महासागरांतील हवाई बेटांचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जोसेफ केकुकू ह्या तरुणानें गिटारीच्या तारांवर बोटांऐवजीं पोलादाचा तुकडा फिरविण्याची पद्धति रूढ केली. पडद्यांवर दाबलेलें बोट पायऱ्या चढतें; पोलाद मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातें. सन 1915 मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें भरलेल्या प्रदर्शनानें ह्या संगीताचें वेड अमेरिकेस लाविलें. परंतु मोठ्या वाद्यवृंदांत गिटारीचा क्षीण आवाज बुडून जाई. त्यावर जॉर्ज बीचम ह्यांनीं 1931 च्या सुमारास उपाय काढला, आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर ह्यांच्या साह्यानें 1932 सालीं ती गिटार बाजारांत आली. तिचा आकार पाहून लोकांनीं तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तवा, असें नांव दिलें. तिचें पेटंट 1937 सालीं मिळालें. विजेची पहिली यशस्वी गिटार ही अशी मांडीवरचीच होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

तिच्या पिकअपमध्यें नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांना कवेंत घेत, आणि तारांखालीं तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचें हजारों फेऱ्यांचें वेटोळें असे. पोलादी तार कांपली कीं चुंबकाच्या क्षेत्रांत फरक पडतो आणि वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. फॅरडेनें 1831 सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. म्हणून अशा वाद्याचा स्वर जितका लाकडांत, त्याहून अधिक ह्या वेटोळ्यांत असतो. पिकअप हा वाद्याचा कंठच होय.

आपल्या देशांत हें वाद्य रुजलें तें मींडेमुळें. आकाशवाणीनें 1940 सालीं हार्मोनियम वर्ज्य केली, तिचें एक कारण हेंच होतें कीं पेटीला मींड घेतां येत नाहीं. ती बंदी 1971 पासून सैल झाली. हवाईयन गिटारीची तर सारी मिरासच मींडेची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत टाऊ मो हे वादक सहकुटुंब कलकत्त्यास राहिले होते. पुढें मुंबईंत लखनौचे व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग ह्यांनीं चित्रपटगीतांच्या धुना ह्या वाद्यावर वाजविल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघरीं पोंचल्या. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या तबकडींत तर ब्रिजभूषण काब्रा ह्यांची गिटार शिवकुमार शर्मांच्या संतुराशेजारीं आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बांसरीशेजारीं बसून राग गाऊं लागली.

अमेरिकेंत ह्याच वाद्याला पाय फुटले. पायानें पट्टी दाबून तारांचे स्वर बदलण्याची सोय झाली, आणि बड आयझॅक्स ह्यांच्या 1954 सालीं गाजलेल्या वादनापासून ती ‘पेडल स्टील’ लोकप्रिय झाली. ती स्वरसंघांसाठीं होती. आपल्या एकट्या धांवणाऱ्या स्वराला हाताची मींड पुरली, म्हणून पेडल आपल्याकडे फारसें रुजलें नाहीं. पिकअप निवडतांना हाच भेद पाहावा लागतो: वाद्य काय वाजविणार आहे?

त्यावरून तीन कसोट्या निघतात. पहिली अंतराची. मांडीवरच्या गिटारीच्या तारा एका सपाट रेषेंत असतात. साध्या गिटारीची पट्टी किंचित् गोलट असते. त्या गोलाईस अनुसरून चुंबकांचीं टोकें खालींवर केलेला पिकअप येथें बसविला, तर एक तार ओरडेल व दुसरी कुजबुजेल. तारांमधील अंतरही जुळलें पाहिजे. दुसरी कसोटी चुंबकाची. बलवान चुंबक तारेच्या फार जवळ आणला तर तो तार ओढून धरतो, कंप लवकर विझतो, आणि लांब मींडेचा शेवटच हरवतो. तिसरी गुणगुणीची. एकाच वेटोळ्याचा पिकअप घरांतील विजेची गुणगुण टिपतो. सेथ लव्हर ह्यांनीं 1955 सालीं दोन वेटोळीं उलटसुलट जोडून ती घालविली. पण त्या जोडीचा स्वर अधिक भरीव आणि कमी धारदार होतो. नातवाच्या नव्या गिटारीस तो शोभेल, दादांच्या गिटारीस नाहीं.

आतां चौथी गोष्ट, जी खरें तर पहिली. नवा घेण्याआधीं जुना तपासावा. आमचा पिकअप मीं उल्हासनगरांतील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांस दाखविला. 1949 सालीं नांव मिळालेलें हें शहर सिंधी निर्वासितांनीं उभारलें. कोणत्याही वस्तूची जोड तेथें मिळते, अशी त्याची ख्याति. मीटरचा कांटा हलेना. वेटोळ्याची तार ओलीनें हिरवी पडून तुटली होती. चुंबक मात्र शाबूत होता. गृहस्थ म्हणाले, “मास्तर, नवा देतों, पण हा मोडूं नका.”

माझ्या एका स्नेह्याचें असेंच वाद्य मागें एका दुकानांत दिलें होतें. नवा पिकअप आला, जुना भंगारांत गेला, आणि मूळ स्वर कसा होता हें पडताळावयास कांहीं उरलें नाहीं. अंबरनाथच्या शिवालयांत शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलालेख आहे. झिजला म्हणून त्या जागीं नवी शिळा बसविली, तर ती सुबक दिसेल. पण तो शिलालेख नसेल.

म्हणून आम्हीं जुन्याच चुंबकावर त्याच जाडीच्या तारेचें वेटोळें नव्यानें गुंडाळून घेतलें. जुन्या तारेची जाडी मोजून ठेविली, आणि तिचा गुंता डबींत जपला आहे. परवां नातवानें गिटार वाजविली. स्वर हुबेहूब दादांचाच आहे, असें मी म्हणणार नाहीं. माझे कानही आतां साठीपुढचे आहेत. परंतु मींडेच्या शेवटीं स्वर विझावयाच्या आधीं थोडा थबकतो, तें दादांच्या वेळीं होई तसेंच झालें. वाद्याची पेटी आतां ओल्या भिंतीपासून दूर, माडीवर ठेविली आहे.