बालाघाटाचें सरपण

बालाघाटाचें रान म्हणजे बाभळी-हिवरांची काटेरी झुडपें. 1948 सालीं बीड जिल्हा निजामाच्या राज्यांतून सुटला, तरी चुलीचें सरपण तेथूनच येत राहिलें. 1971 सालीं परळीस औष्णिक विद्युत्केंद्र सुरू झालें, तें दगडी कोळशावर. अशा कोळशांत शेतांतील काडीकचरा मिसळणें केंद्र सरकारनें 2021 सालीं सक्तीचें केलें. पऱ्हाट्या जाळण्यास आमची हरकत नाहीं. भय आहे तें रानाचें लांकूड त्याच वाटेनें जाण्याचें. लांकूड जळतांच कर्बवायु घटकेंत सुटतो, तो शोषून घेण्यास नव्या झाडास कित्येक दशकें लागतात. हा उधारीचा व्यवहार निर्मळ कसा, हें आम्हांस उमगत नाहीं. शिवाय वठलेल्या खोडांत पिंगळ्याची ढोली असते. नायगांवच्या मयूर अभयारण्यांत लांडोर अंडीं घालते, तींही झुडपाखालीं, भुईवरच.