टर्बो गाडीला पेट्रोल कोणते?

पेट्रोलपंपावर गाडी उभी केली, की ‘साधे की प्रीमियम?’ हा प्रश्न हमखास येतो. गाडी टर्बोचार्जरची असेल, तर मालक येथे थोडा अडखळतो. महाग पेट्रोल न भरल्यास इंजिन बिघडेल काय, आणि भरल्यास खरोखर काही पदरात पडेल काय? पोलो जीटी टीएसआय (२०१३), बलेनो आरएस व नेक्सॉन (२०१७), व्हेन्यू (२०१९) अशा गाड्यांमुळे टर्बो पेट्रोल इंजिन आता मध्यमवर्गीय घरांतही आले आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

ऑक्टेन म्हणजे काय?

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. ठिणगी पडण्याची वाट न पाहता, केवळ दाब आणि उष्णता यांमुळे आपोआप पेट घेण्यास पेट्रोल किती विरोध करते, हे हा आकडा सांगतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ च्या सुमारास ही मोजपट्टी सुचवली. त्यात आयसो-ऑक्टेनला १०० आणि चटकन पेटणाऱ्या हेप्टेनला शून्य गुण दिलेले आहेत. ज्या पेट्रोलचे वर्तन ९५ टक्के आयसो-ऑक्टेन असलेल्या मिश्रणासारखे असते, त्याचा ऑक्टेन ९५.

टर्बोला जादा ऑक्टेन का लागतो?

टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा दाबली, की ती तापते. इंटरकूलर तिला थंड करतो. तरीही सिलिंडरमधील दाब साध्या इंजिनापेक्षा बराच अधिक राहतो. अशा वेळी कमी ऑक्टेनचे पेट्रोल असल्यास ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण एकदम भडकते. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत, तसा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टन आणि गॅस्केट यांना इजा पोहोचते.

आधुनिक गाड्यांत नॉक सेन्सर असतो. आवाजाची चाहूल लागताच संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, मात्र जोर कमी होतो आणि पेट्रोल अधिक लागते. सेन्सर हा विम्यासारखा आहे. त्याच्या भरवशावर रोज कमी दर्जाचे इंधन भरणे शहाणपणाचे नाही.

निवड कशी करावी?

गाडीची माहितीपुस्तिका आणि इंधनटाकीच्या झाकणाची आतली बाजू, ही दोन ठिकाणे प्रथम पाहावीत. तेथे ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन शब्द आढळू शकतात. किमान आकड्याखाली कधीही जाऊ नये. शिफारस त्याहून वरची असेल, तर पूर्ण शक्ती तेवढ्याच ऑक्टेनवर मिळते. किमान आकड्यावर गाडी सुरक्षित चालते, पण थोडी मंद वाटते. ९१ पुरेसे असलेल्या इंजिनात १०० ऑक्टेनचे पेट्रोल ओतून सहसा लाभ होत नाही. ठिणगीची वेळ पुढे नेण्याची सोय संगणकात असेल तरच फरक जाणवतो.

परदेशी पुस्तिका वाचताना एक सावधगिरी बाळगावी. भारत आणि युरोपात ‘रॉन’ ही मोजणी वापरतात, तर अमेरिकेतील पंपांवर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. तेथील ८७ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९१, तर तेथील ९१ म्हणजे सुमारे ९५.

इथेनॉलमुळे बदललेले चित्र

इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आकडा ९५ च्या जवळपास पोहोचतो. टर्बो इंजिनाच्या दृष्टीने ही जमेची बाजू होय. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज काहीसे घटते. शिवाय जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले आहेत काय, हा निराळा प्रश्न आहे. त्याचेही उत्तर पुस्तिकेतच पाहावे.

‘प्रीमियम’ या शब्दालाही भुलू नये. २००२ नंतर आपल्याकडे आलेल्या अनेक ब्रँडेड पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने होती, ऑक्टेन मात्र साध्या पेट्रोलइतकाच होता. म्हणून पंपावर नाव न विचारता आकडा विचारावा.

खर्चाचा हिशेब

समजा, साधे पेट्रोल १०५ रुपये आणि प्रीमियम ११३ रुपये लिटर आहे. १५ किलोमीटरचे मायलेज देणारी गाडी महिन्याला १००० किलोमीटर धावली, तर सुमारे ५३० रुपये जादा जातील. ते वसूल होण्यासाठी मायलेज १६ च्या पुढे जायला हवे. तसे होते का, हे तीन-चार टाक्या भरून स्वतःच मोजून पाहावे.

चालवण्याची पद्धतही महत्त्वाची

खंडाळ्याचा घाट चढताना वरच्या गियरमध्ये, कमी फेऱ्यांवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबणे टर्बो इंजिनाला सर्वांत घातक. अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते आणि सेन्सरही हतबल ठरतो. गियर वेळीच खाली आणावा. उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचेच इंजिन ऑइल वापरावे. विदर्भातील उन्हाळ्यात आत जाणारी हवाच तापलेली असते. तेव्हा भरल्या गाडीने शिफारशीचा आकडा पाळणे श्रेयस्कर.

चुकून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेल्यास घाबरू नये. गाडी हलक्या पायाने चालवावी आणि टाकी अर्धी होताच वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल भरावे. अर्धे ९१ आणि अर्धे १०० मिळून साधारण ९५ होतात.