सफरचंद, लगाम आणि लक्ष

इंग्लंडच्या ईशान्येला हेबर्न नावाचं गाव आहे. डिसेंबर २००३ मध्ये तिथे एक तरुणी मोटार चालवत होती. डावीकडे वळताना तिच्या एका हातात सफरचंद होतं. पोलिसाने गाडी अडवली आणि दंड सांगितला. तिने भरायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. त्या वळणाची विमानातून घेतलेली छायाचित्रं आणि हेलिकॉप्टरमधून केलेलं चित्रीकरण पोलिसांनी पुरावा म्हणून मांडलं. गाडीवर तिचा पुरेसा ताबा नव्हता असं ठरलं आणि जानेवारी २००५ मध्ये तिला ६० पौंड दंड झाला. तिथल्या वर्तमानपत्रांनी पोलिसांची यथेच्छ टर उडवली.

हसू कुणालाही येईल. पण हसून झालं तरी प्रश्न उरतोच. गाडी चालवताना फळ खाणं, रेडिओचं बटण फिरवणं, मागच्या सीटवरच्या पोराला दटावणं, अशा किरकोळ गोष्टींसाठी पोलिसांनी दंड करावा का?

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. इंग्लंडच्या १८३५ च्या रस्तेविषयक कायद्यात गाडीवानासाठी एक कलम होतं. लगाम नसलेल्या मालगाडीवर, जनावरांना सांभाळणारा दुसरा माणूस सोबत न घेता, नुसतं बसून जाणं हा गुन्हा. गाडी सोडून ताबा राहणार नाही इतकं लांब जाणं हाही गुन्हा. गाडीवान नोकर असेल तर दंड पाच पौंडांपर्यंत आणि तोच गाडीचा मालक असेल तर दहा पौंडांपर्यंत. म्हणजे गाडीवानाचं लक्ष कुठे आहे याची चौकशी कायदा तेव्हापासून करत आला आहे.

तरीही त्या काळी एक सोय होती. आपल्याकडे बाजार उरकून परतणारा गाडीवान गाडीतच झोपी जायचा आणि बैल त्याला बिनबोभाट घरी आणून सोडायचे. माझे आजोबा मिरजेत टांगा हाकत. ते आमच्या घरच्या दखनीत म्हणायचे, ‘जनावर का ध्यान रस्ते पे, मेरा ध्यान जनावर पे.’ रस्त्यावर दोघांचं भान असे. माणसाचं सुटलं तर जनावर खड्ड्यापाशी थबकायचं, पोर आडवं आलं तर बिचकायचं.

मोटार आली आणि हे दुसरं भान गेलं. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने मेलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी. ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय झाला. असं पुन्हा घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. ती फोल ठरली, हे सांगायला नको. तिथे घोडा असता तर बुजला तरी असता. यंत्राला बुजणं ठाऊक नाही.

म्हणून मोटारीच्या काळात लक्ष ही केवळ सवय राहिली नाही, ते कायदेशीर कर्तव्य झालं. १९३० च्या ब्रिटिश कायद्याने ‘योग्य काळजी आणि लक्ष न देता’ वाहन चालवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. सफरचंद, रेडिओ, नकाशा, सगळं या एका वाक्यात मावतं. गंमत म्हणजे त्याच दशकात अमेरिकेत मोटारीतल्या रेडिओवरच बंदी घालावी अशी मागणी काही ठिकाणी झाली होती. ती टिकली नाही, म्हणून आज आपल्यापैकी काही जण हे भाषण गाडीत बसून ऐकू शकतात.

फोनची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९९७ मध्ये टोरंटोतल्या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असं त्यांना दिसलं. हात मोकळे ठेवून बोलल्याने धोका कमी झाल्याचंही आढळलं नाही. ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून बंदी घातली ती फक्त हातात धरलेल्या फोनवर. कायद्याला हात दिसतो, मन दिसत नाही. ही कायद्याची अडचण आहे, आणि सफरचंदाचा खटला त्या अडचणीतूनच जन्मला.

पुढे १६ ऑगस्ट २०१३ पासून तिथल्या पोलिसांना किरकोळ निष्काळजीपणासाठी जागेवरच १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण नोंदवण्याचा अधिकार मिळाला. तोपर्यंत अशी प्रकरणं कोर्टात न्यावी लागत आणि कागदपत्रांच्या कंटाळ्याने पुष्कळदा सोडून दिली जात. दंड मान्य नसेल तर कोर्टात जाण्याची वाट मात्र खुली ठेवली.

आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेतलं हयगयीने वाहन हाकण्याचं कलम टांग्यालाही लागू होतं आणि ट्रकलाही. जुलै २०२४ मध्ये नवी संहिता आली तेव्हा त्याचा फक्त क्रमांक बदलला. २०१९ च्या दुरुस्तीने हातातला फोन ‘धोकादायक’ वाहन चालवण्यात मोडू लागला. त्याला पहिल्या खेपेस एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही आहे. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायची मुभा मिळाली, पण चालकाची एकाग्रता भंगू नये या अटीवर. एकाग्रता हा आम्हा कवींचा शब्द. तो मोपेडवरून जाणाऱ्या माणसाला लावायचा आणि त्याचं माप नाक्यावरच्या शिपायाने घ्यायचं!

इथेच खरी गोम आहे. माप नसलेला गुन्हा शिपायाच्या हाती दिला की पावतीपेक्षा तोडपाणी स्वस्त पडतं. शिवाय अडवला जातो तो टेम्पोवाला, रिक्षावाला. काळ्या काचांच्या लांबलचक गाडीकडे शिट्टी सहसा वळत नाही.

तरीही दंडच नको, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा वाली कोण? फोनचा धोका सिद्ध झाला आहे, तेव्हा तो हातात दिसला की दंड व्हावा. बाकी किरकोळ गोष्टींत मात्र हातात काय होतं यापेक्षा गाडीने काय केलं, ते पाहावं. ती पट्टा सोडून भरकटली का, सिग्नल हिरवा झाला तरी उभी राहिली का, झेब्रा पट्ट्यांवरच्या माणसाला मागे सरकावं लागलं का? पावतीवर शिपायाने हे एका वाक्यात लिहावं आणि चालकाला ते कोर्टात खोडून काढण्याची संधी असावी. असं वाक्य लिहिता आलं तर दंड जरूर घ्यावा. लिहिता येत नसेल, तर त्या माणसाला त्याचं सफरचंद खाऊ द्यावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)