बाबासाहेबांची १९५५ची मुलाखत

नभोवाणी वा दूरचित्रवाणीवर आपल्या कार्यकर्त्याला बोलावतात तेव्हा त्याच्याकडून बहुधा एकच गोष्ट मागितली जाते : त्याचे दुःख. त्या दुःखाचा अर्थ सांगायला शेजारी एखादा पांढरपेशा तज्ज्ञ बसवलेलाच असतो. ही वाटणी नाकारायची कशी, हे शिकायचे तर बी.बी.सी.ने १९५५ साली घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत नीट ऐकली पाहिजे.

विषय गांधीजी, मुलाखतकार इंग्रज, फ्रान्सिस वॉटसन. गांधीजींच्या हत्येला सात वर्षे झालेली आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना आठवणी हव्या होत्या. बाबासाहेब आठवणींत रमले नाहीत. आपण गांधींना नेहमी विरोधक म्हणून भेटलो, म्हणून भक्तांना न दिसलेला माणूस आपल्याला दिसला, असे त्यांनी बजावले. आपली साक्ष का ग्राह्य धरावी, हे आधी ठरवून घेतले. ही वकिलाची रीत! मग पुरावा : गांधींचे इंग्रजी पत्रांतले आणि गुजराती पत्रातले लेखन शेजारी ठेवून वाचा, इंग्रजीत लोकशाहीवादी वाटणारा माणूस गुजरातीत वर्णव्यवस्थेचा कैवारी दिसेल. आरोप माना वा मानू नका, तो तपासता येतो.

ही तयारी त्या दिवशीची नव्हती. काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले, याची कागदपत्रांसह झडती घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४५ सालीच आला होता. म्हणूनच १९३२च्या पुणे कराराविषयी बोलताना त्यांना शब्द शोधावे लागत नाहीत. राखीव जागा १४८ झाल्या. पण बाबासाहेबांचा भर आकड्यावर नाही. आधी अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार निवडायचे, मग त्यांतून सर्वांनी एक, ही तरतूद कशासाठी? सवर्णांनी आपल्या मर्जीतला माणूस आमच्या माथी मारू नये म्हणून. हे केवळ आवाजाने समजावणे सोपे नाही. माझ्या वर्गात फळा असूनही तास जातो.

पहिली भेट १९२९ची, असे ते सांगतात. मणिभवनातली पहिली नोंदलेली भेट मात्र १४ ऑगस्ट १९३१ची. बोलताना साल निसटले, एवढेच. साक्षीचा गाभा त्याने हलत नाही. पण आपल्या पोरांना ही सवलत कोणी देणार नाही. त्यांनी तारखांचे टाचण खिशात ठेवूनच जावे.

ती ध्वनिफीत आज मोबाइलवर फिरते, पण तुकड्यांत. इंग्रजी-गुजरातीची तुलना आणि चार उमेदवारांचा भाग बहुधा गाळलेला असतो. गांधींवरची कठोर वाक्ये तेवढी माझ्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत.