न सांगता हलके होणे

सांगितल्याने दुःख हलके होते, हा साहित्याच्या अध्यापकांचा जुना विश्वास. आत्मकथने शिकविताना आम्हीही तो वर्षानुवर्षे सांगत आलो. या विश्वासाला धक्का देणारी एक उपचारपद्धती साहित्याच्याच एका अभ्यासिकेने घडविली, हे आम्हांला फार उशिरा कळले.

फ्रान्सिन शपिरो मूळच्या इंग्रजी साहित्याच्या. टॉमस हार्डीच्या कवितेवर डॉक्टरेटचे काम चालू असताना त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९८७ साली कॅलिफोर्नियातील एका बागेत चालताना मनातले त्रासदायक विचार एकाएकी बोथट झाल्याचे त्यांना जाणवले. त्या वेळी आपले डोळे आपसूक वेगाने इकडून तिकडे फिरत होते, हेही त्यांनी टिपले. (ही कथा न्यूटनच्या सफरचंदाइतकीच सुबक आहे, हे मान्य.) १९८९ साली त्यांचा २२ जणांवरील पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते, तशाच लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीही. पुढे ही पद्धती 'ईएमडीआर' या नावाने रूढ झाली.

रुग्णाने सर्वांत छळणारे दृश्य, त्याला चिकटलेली 'दोष माझाच' अशी समजूत आणि शरीरातील संवेदना मनात धरायची; त्याच वेळी उपचारकाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांचा नजरेने माग घ्यायचा. मध्येच थांबून 'आता काय जाणवते?' एवढेच विचारले जाते. असे पुनःपुन्हा. एका उपपत्तीनुसार, मनाची तात्कालिक धारणशक्ती मर्यादित असते; नजरेच्या कामात ती विभागली गेली की दृश्य फिकट होते आणि तसेच पुन्हा साठविले जाते. टीकाकारांच्या मते डोळे निमित्तमात्र, गुण येतो तो आठवणीला सामोरे गेल्याने. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तरीही २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली. घटनेचे तपशीलवार कथन यात आवश्यक नसते, अशी नोंदही केली.

ही नोंद वाचताना आम्ही थबकलो. पूर्वी एका विद्यार्थिनीला आम्ही 'तुझा अनुभव सविस्तर लिही' असा आग्रह केला होता. तिने चार ओळी लिहून वही परत दिली. तपशील नाही, या कारणास्तव आम्ही तिला दहापैकी दोन गुण दिले होते.