सुरंगी : लाकडाचे पैसे एकदा, कळीचे दरवर्षी

सुरंगी हा पश्चिम घाट आणि कोकणपट्टीतला सदाहरित वृक्ष. शास्त्रीय नाव मॅमिया सुरिगा. पेडणे, डिचोली आणि तेरेखोल नदीपलीकडे सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत बागायतीत, परसात, देवळाच्या आवारात ही झाडं आढळतात. गोव्यात फुलांना ‘सुरंगां’ म्हणतात. सिंधुदुर्गात त्यांचे वळेसर करून केसांत माळतात.

ओळख : पानं जाड, लांबट, गर्द हिरवी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला जुन्या फांद्यांवरच फुलांचे झुबके लागतात. पाकळ्या पांढऱ्या, मध्ये पिवळे केसर. वास लांबूनच कळतो.

लाकूड : लालसर, कठीण, जड. घरबांधणीला वापरण्याजोगं. होडीसाठी नावाजलेली उंडी याच कुळातली. पण सुरंगी सावकाश वाढते. आज तोडलेल्या झाडाच्या जागी लावलेलं रोप तेवढं व्हायला एक पिढी जाते.

कळी : खरी कमाई इथे. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून पहाटेच झाडावर चढायचं. काही जण खाली कापड अंथरून कळ्या पाडतात. वाळवलेल्या कळ्या अत्तर, औषध आणि रेशीम रंगवायला जातात. बाजारात त्यांना ‘तांबडा नागकेशर’ म्हणतात. मूळ नागकेशर मात्र वेगळा. तो मेसुआ फेरिया, लोखंडासारख्या कठीण लाकडासाठी प्रसिद्ध. खरेदी-विक्री करताना दोन्हींत गल्लत नको.

नर आणि फळणारं झाड : सुरंगीत काही झाडं फक्त नर फुलांची असतात, त्यांना फळ धरत नाही. म्हणून झाड वांझ समजून कुऱ्हाड लावू नये. नराच्या कळ्याही सुगंधी असतात.

तोडण्याआधी : गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. डिचोलीत खाणींनी आणि पेडण्यात मोपा विमानतळाने बरीच जुनी झाडी गेली. राहिलेली सुरंगी प्रामुख्याने लोकांच्या बागेत, परसातच आहे. ती टिकवायची की विकायची, हे शेवटी घरमालकानेच ठरवायचं. लाकडाचे पैसे एकदाच हाती येतात. उभं झाड मात्र दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत कळ्या देतं, आणि त्या काढणाऱ्या, वाळवणाऱ्या, वळेसर गुंफून बाजारात बसणाऱ्या बायकांनाही चार पैसे मिळतात.