सकाळचे मकतब, अकराची शाळा

हंटर आयोग म्हटला की मराठी वाचकाला जोतीराव फुल्यांचे १८८२ चे निवेदन आठवते. त्याच आयोगाच्या अहवालात मुसलमानांच्या शिक्षणाविषयी सतरा शिफारशी आहेत. त्यांच्याकडे मी फार उशिरा वळलो, आणि तेही घरगुती कारणाने.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाकडे मी सकाळी फिरायला जातो. वाटेत डोक्यावर टोपी, छातीशी सिपारा धरलेली मुले दिसतात. तीच मुले अकराच्या सुमारास दप्तर पाठीवर टाकून शाळेकडे निघतात. दिवसाचे हे दोन तुकडे कुणी पाडले? समाजाच्या सनातनीपणाने, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. कागद वेगळेच सांगतात.

मकतबात पूर्वी अक्षरओळख, कुरआनचे नाझरा वाचन, थोडी फारसी, हिशेब हे सगळे एकाच चटईवर चाले. १८५४ च्या वूडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली, पण सरकारी पैसा मिळणार तो लौकिक शिक्षणापुरता. सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे तर ठरलेलेच होते. मग धर्म शाळेच्या वेळेबाहेर गेला, फजरनंतरच्या तासा-दीड तासात. पेशइमामाचा पगार जमातीने भरायचा, मास्तरांचा सरकारने. दीन आणि दुनिया यांची फाळणी धर्मशास्त्राने केली नाही. ती हिशेबाच्या वहीत झाली.

ती सांधण्याचा मोठा प्रयत्न मुंबईत झाला. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आदींनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. यातले रोगे कोकणी मुसलमान, जहाजांच्या व्यापारातले घराणे. १८८० मध्ये शाळा सुरू झाली; बोरीबंदर स्थानकासमोरची आजची इमारत १८९३ ची. इंग्रजी, गणित आणि धर्मशिक्षण एकाच छपराखाली, हा तिचा विचार. मुंबईला ते जमले, कारण तिथे शेठ होते. रोह्यासारख्या गावात जमात होती, शेठ नव्हते.

आता त्या शिफारशी. एकीत म्हटले आहे की मुसलमानांच्या देशी शाळांना निव्वळ लौकिक विषय जोडण्यासाठी सढळ उत्तेजन द्यावे. म्हणजे मकतब मोडू नये, वाढवावे. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. प्राथमिक आणि मिडल शाळांत मुसलमानांना हिंदुस्तानीतून शिकवावे; मात्र एखाद्या ठिकाणच्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल तर ती ठेवावी.

हा अपवाद जणू कोकणासाठीच लिहिला होता. कुलाबा जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानाची घरची बोली मराठीच्याच कुळातली. शेजारच्या आगऱ्याची बोली त्याला जितकी कळते, तितकी लखनौची उर्दू त्याच्या आजीला कधीच कळली नसती. रोह्याच्या खाडीपलीकडे जंजिरा संस्थान होते, तिथे नबाब सिद्दी. पण घराघरातली बोली खाडी ओलांडताना फारशी बदलत नव्हती. तरीही पुढच्या काळात इथल्या समाजाने शाळेसाठी अधिकाधिक उर्दूच निवडली.

का निवडली, याचे माझे उत्तर असे. धर्माच्या पुस्तकांची, मौलवींची भाषा उर्दू. शाळाही उर्दू झाली की सकाळच्या तासात शिकलेली लिपी अकराच्या शाळेत कामी येई. दोन तुकड्यांवर घातलेला तो पूल होता. शिवाय मुंबईत, जहाजावर, पुढे आखातात उर्दू चाले. किंमतही होती. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल मराठीतून झालेला मुलगा तलाठी, मास्तर होई. कचेरीचे दप्तर मराठी होते. उर्दूतून शिकलेल्यासमोर ते दार अर्धेच उघडे असे. पण पालकांनी हे समजून-उमजून पत्करले असावे, त्यांना अडाणी ठरवणे मला पटत नाही.

संविधानाने १९५० साली हीच व्यवस्था थोड्या बदलाने पुढे नेली. तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा हक्क दिला; अठ्ठाविसाव्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण सक्तीचे करण्यास मनाई केली. पूर्णपणे सरकारी निधीवरच्या शाळेत तर ते देताच येत नाही. त्यामुळे पहाटेचे मकतब टिकून आहे.

गेल्या पावसाळ्यात एका दुकानाच्या वळचणीला उर्दू शाळेतला सातवीचा एक मुलगा माझ्याशेजारी थांबला. दप्तर भिजू नये म्हणून त्याने वह्या बाहेर काढल्या: उर्दूतले बालभारतीचे गणित, इंग्रजी, मराठीची वही. मराठीच्या वहीत निबंध होता, ‘माझे घर’. त्यात त्याने ‘आम्ही’ऐवजी ‘आमी’ लिहिले होते, चार ठिकाणी. चारही ठिकाणी लाल गोल होता.

“घरी काय म्हणता?” मी विचारले.

“आमीच म्हनतो, चाचा,” तो म्हणाला, आणि पाऊस थांबला का ते बघायला पुढे झाला.